वरच्या डोळ्याला माझी लेक दिसंना

त्या बिल्डिंगीत आत माणूस हाय का न्हाई ते माणूस सांगत न्हाई, छताचा डोळा सांगतो. पांढरा, गोल, उलटी वाटी चिकटवल्यावानी, आन् मधी एक बारीक लाल ठिपका, आपन हललो की लुकलुकतो. मी पहिल्यांदा झाडू घेऊन आत गेले आन् लाईट आपोआप लागली, तवा मी झाडू तितंच टाकून बाहीर पळाले, मला वाटलं आत कोनतरी हाय. संगं काम करनारी अक्का हसून हसून खालीच बसली. म्हनाली, तूच हायेस की गं आत, तुलाच बगून लागली ती.

अक्का म्हंजी आमच्यातली मोठी, शहरातल्या विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू आन् बाहीर मराठी. आधी घरात बसून बिड्या वळायची, आता हितं फरशी पुसती. कशाला भीत न्हाई. मी सगळ्याला भिते.

ही बिल्डिंग हायवेच्या बाजूला नवीन झालेली. आत एक कंपनी न्हाई, लई जनांच्या बारक्या बारक्या. कुनी म्हैन्यासाठी खोली घेतं, कुनी दिवसापुरतं टेबल. म्हनून कोन कुटं बसलंय ते कुनालाच ठावं नसतं, आन् म्हनूनच ते डोळे बसवलेत. साहेबांनी आमाला गोळा करून सांगितलं, ह्यो कॅमेरा न्हाई, ह्याला तोंड दिसत न्हाई, माणसाच्या अंगाची ऊब आन् हालचाल एवढंच ह्याला कळतं. माणूस आलं की लाईट आन् एसी चालू, थोडा वेळ कुनी हललं न्हाई की बंद. खाली गेटपाशी वॉचमन चाचांची काचेची केबिन हाय, तितं टीव्हीसारखा पडदा, त्यात सगळ्या खोल्यांचे चौकोन. माणूस असलं की चौकोन हिरवा, नसलं की राखाडी. आमी झाडायचं बी त्या पडद्यावर बगून. ज्या खोलीत दिवसभर कुनी बसलं न्हाई तिला झाडू लावायचा न्हाई. साहेब बरा माणूस हाय, खोटं कशाला बोलू, आमाला ताई, मावशी असंच बोलतो. पन त्याच्या बी वर कोनतरी हाय, पुण्याला का कुटं, ते लोक हितं येत न्हाईत, नुसते ते चौकोन बगतात.

माझी लेक मान धरायला लागली तवा मी परत कामावर आले. आमी कुंभारीला ऱ्हातो, नवरा उजाडायच्या आत कामाला निघतो, सासू टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाती, घरात पोरीला बगायला नुसत्या भिंती. मी साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हनाले, दुसऱ्या मजल्यावर आयांसाठी खोली हायच की, लेकराला पाजायची, तितं ठेवा, मी बगितलंच न्हाई समजा. एवढं म्हनाले आन् माझ्या डोळ्यात पानीच आलं. ती खोली हाय म्हनून माझं काम हाय आन् काम हाय म्हनून पोरगी माझ्या नजरंसमोर हाय, असं ते सगळं एकात एक.

खोली बारकीच. बिल्डिंगीच्या पार मधी, खिडकी न्हाई, एक खुर्ची, एक बेसिन. कोपऱ्यात भिंतीत दोन लोखंडी हूक आधीपासनं होते, त्याला मी आईच्या जुन्या साडीची झोळी बांधली. पोरगी त्यात अशी गप निजायची की घरी सुदिक न्हाई.

पहिल्यांदा अंधार झाला तवा मी तिला पाजत हुते. आता पाजताना बाई हलत न्हाई, लेकराचा डोळा लागत आलेला असतो, आपन श्वास बी दबकून घेतो. तशीच बसले आन् लाईट गेली. एकदम. खिडकी न्हाई, म्हंजी काळाकुट्ट. मी हात हलवला, न्हाई लागली. डोक्यावर हात नेऊन हलवला, न्हाई. माझ्या छातीला पोरगी चिकटलेली, तिचं गिळलेलं ऐकू येतंय, आन् वर तो डोळा, त्याला आमी दोगी बी दिसंना. मी उठून दारापतूर गेले तवा कुटं लागली.

कुनाला हसू येईल. पन माझं बाळंतपन लई वाईट झालं. रगात थांबंना, आन् मला अर्धवट ऐकू येत होतं, कोनतरी बाई म्हनाली, गेली. एवढंच, गेली. मग मी परत आले. सासू म्हनती ती आमची पुण्याई. पन मला कवाकवा वाटतं, सगळीच्या सगळी आले का थोडी तितंच राहिले. आन् ज्याला माणसाची ऊब कळती त्याला मी कळंना, म्हंजी काय समजायचं.

साहेबांना इचारलं तर ते म्हनाले, ताई, उन्हाळ्यात होतं तसं, सोलापूरच्या उन्हात खोलीच अंगाएवढी तापती, मग त्याला माणूस कुठला आन् भिंत कुठली ते कळत न्हाई, एसी चालू असला तर कळतं. मी म्हनलं, एसी तर त्याला माणूस दिसल्यावरच चालू होतो ना. साहेब म्हनाले, हो. आन् मोबाईल वाजला म्हनून गेले.

मग मला एक सवयच लागली. खाली पानी भरायला, कचरा टाकायला जाईन तवा चाचांच्या पडद्यावर बगायचं. दुसरा मजला, बारका चौकोन. हिरवा असला म्हंजी पोरगी जागी हाय, पाय झाडतीया, झोळी हलतीया. राखाडी असला म्हंजी निजलीया. चाचा आधी ट्रक चालवायचे, त्यांच्या लेकी लग्न होऊन गेल्यात. मला बगून म्हनायचे, हरी बत्ती हाय बेटी, तुझी गाडी चालू हाय. त्या चौकोनाला मी एवढी चिकटले की वर जाऊन बगायच्या आधी तितं बगायचे.

एकदा चौकोन हिरवा हुता आन् हिरवाच राहिला. मी कचरा टाकून आले, हिरवा. जिना पुसला, परत बगितलं, हिरवा. मला वाटलं रडत असंल, पळत वर गेले. दार उघडलं. लाईट लखलख चालू, एसीचा गार वारा, झोळी जागच्या जागी थांबलेली, आन् पोरगी आत मुठी मिटून गाढ निजलेली. केस बी हलत न्हवता तिचा. मंग तो कुनाला बगत होता? खुर्ची रिकामी, बेसिन कोरडं. मी वर बगितलं तर तो लाल ठिपका लुकलुकला, मला बगून का आनिक कुनाला बगून. मी पोरीला उचलून बाहीर आले आन् दिवसभर काखंला मारून फरशी पुसली. अक्का म्हनाली, एसीच्या वाऱ्याला बी फसत असंल ते येडं, तू कशाला येडी होतीस.

त्याच आठवड्यात साहेब वर आले, त्या खोलीत माझ्या आन् अक्काच्या समोर उभे राहिले, आन् नजर बेसिनकडं ठेवून बोलले. वरच्यांनी ठरवलंय, ही खोली कुनी वापरत न्हाई, हितं दोन टेबलं टाकून भाड्यानं द्यायची. मी म्हनलं, साहेब मी रोज बसते की हितं. चौथ्या टेबलाची म्याडम बी येती, बाळंत होऊन आलेली, दुसरी एक बी येती. साहेब म्हनाले, मला माहीत आहे ताई, पण पडद्यावर खोली बहुतेक वेळ राखाडीच दिसते. एसी सुद्धा फारसा लागत नाही. वरच्यांना मी काय दाखवू? हा आठवडा बघतात, मग निर्णय.

निर्णय म्हंजी काय ते मला कळलं. खोली गेली की पोरगी घरात एकटी न्हाईतर मी घरात. मी घरात बसले तर नवऱ्याच्या एकट्यावर चालत न्हाई आमचं. मी त्या दिवशी पाजताना मुद्दाम हलत राहिले, पाय हलवायचे, मान हलवायची, तर पोरगी दचकून सोडून द्यायची आन् रडायची. हललं तर ती पीत न्हाई, न्हाई हललं तर आमी न्हाई.

अक्का म्हनाली, मला काय तरी करू दे. बिड्या वळताना ती झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, हात बिडीवर आन् पाय लेकरावर, अशी तिची सगळी लेकरं मोठी झाली. म्हनाली, शेजारी चहाची खोली हाय, दोरी दाराखालून घेते, कप धुताधुता वढत ऱ्हाते. पोरगी आत असताना ते बरंच झालं. चौकोन हिरवा व्हायला लागला, पोरगी बी खूश.

आन् मधीच पोरीला ताप आला. अंग नुसतं तव्यावानी. मी घरीच राहिले, दवाखान्यात गेले, रात्रंदिवस मांडीवर. अक्काला फोन करून सांगितलं, मी येत न्हाई, खोलीचं जे व्हायचं ते होऊ दे. ती म्हनाली, तू पोरीचं बग, खोलीचं मी बगते.

ताप उतरला तवा पोरीला घेऊन गेले. अजून मलूल हुती, मान माझ्या खांद्यावर टाकलेली. गेटातनं आत आले तर चाचा हसून म्हनाले, तुझी बच्ची लई खेळती बेटी, कालपासनं हरी बत्तीच हाय, आता सकाळधरनं बी. मी जागीच थांबले. म्हनलं, चाचा, पोरगी तर ही काय. त्यांनी माझ्या खांद्याकडं बगितलं, मंग पडद्याकडं बगितलं. दुसरा मजला, बारका चौकोन, हिरवागार. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

जिना चढताना मला धाप लागली, पोरगी बी धापंनं वरखाली होत होती. दार उघडलं. लाईट चालू, एसी चालू. आन् झोळी हलत होती. हळूहळू, जशी मी हलवते तशीच. आत कायतरी निजलेलं, साडीला खाली पोट आल्यावानी झोल पडलेला. वरून माझ्या लेकीचं टोपडं दिसत होतं, लाल काठाचं, तीच गाठ. मी हात लावला. ऊन होतं. लेकराच्या अंगापेक्षा ऊन, तापातल्या लेकराएवढं.

माझ्या तोंडातनं आवाज आला असंल, कारन अक्का चहाच्या खोलीतनं पळत आली, कमरंला दोरी बांधलेली. म्हनाली, भिऊ नको, बाटली हाय ती, चहाच्या मशीनचं कढत पानी भरलंय, फडक्यात गुंडाळलंय. टोपडं हितंच राहिलेलं तुजं, ते घातलं. मला बी कळतं रिकामी झोळी हलवायची न्हाई, लेकराला बाधतं. म्हनून भरली. बारशाला आपन न्हाई का आधी वरवंटा निजवत पाळन्यात, टोपडं घालून?

मी म्हनलं, "त्यो वरवंटा काढून घेत्यात अक्का. मंग लेकरू ठेवत्यात. त्याला तितंच ठेवत न्हाईत."

अक्कानं टोपड्याची गाठ सारखी केली. मंग म्हनाली, आजच्या दिवस राहू दे. तेवढ्यात पोरगी कुरकुर करायला लागली, म्हनून मी दारामागं खुर्ची ओढून तिला पदराखाली घेतलं, आन् अक्का कप बगायला गेली. झोळी माझ्यासमोर हलत होती. त्यातल्याला बगून लाईट चालू होती आन् त्याच उजेडात मी माझ्या लेकीला पाजत होते. मला वाटलं आपन कुनाच्यातरी घरात पाहुनी आलोय.

दार उघडलं. साहेब हुते. दाराची फळी माझ्याकडं आली, मी तिच्यामागं. त्यांनी आधी झोळीच बगितली, टोपडं बगितलं, आन् आवाज एकदम बारीक केला, घरात लेकरू निजल्यावर करतात तसा.

"झोपलीय का? झोपू दे, झोपू दे."

आन् झोळीला हलकासा झोका दिला. बापमाणूस हाय तो, हात आपोआप जातो. मंग दार हळूच लावून घेतलं आन् बाहीर अक्काला सांगताना मी ऐकलं, मावशी, काल दिवसभर आणि आज पण खोली भरलेली दिसतीय, वरच्यांना तसं पाठवलंय, राहील ही खोली, काळजी करू नका सांगा ताईंना.

खोली राहिली. मी उठून नाचायला पायजे हुतं.  डोळ्याला मी दिसत न्हवते तोवर ठीक, यंत्र हाय. आता माणसाला बी दिसले न्हाई, आन् जे न्हवतंच त्याच्याशी तो एवढ्या मायेनं बोलून गेला.

साहेब गेल्यावर मी बाटली काढली, खाली ठेवली, पोरीला झोळीत घातलं. ती निजली. थोड्या वेळानं लाईट गेली. मी अंधारात हात पुढं करून तिला चाचपत उभी राहिले.

अक्कानं समजूत घातली. म्हनाली वरचे लोक परत बगनार, हिरवं ऱ्हायला पायजे, त्या दोन म्याडमांना बी खोली लागती. म्हनून मंग असं सुरू झालं, सकाळी अक्का बाटली भरून झोळीत घालायची, दोरी नको म्हनून एक बारका पंखा झोळीसमोर लावला, आन् माझी लेक खाली गोधडीवर. ताप गेला तरी ती नीट पीत न्हवती. अंग भरंना. सासू म्हनाली दात येत असतील. मी सासूला झोळीचं काय सांगितलं न्हाई, पन तिनं आपनहून इचारलं, झोळी कुनी रिकामी तर हलवत न्हाई ना गं तितं? मी म्हनलं, रिकामी न्हाई.

आन् एक दिवस मी दार पुसत हुते, पोरगी गोधडीवर उताणी. ती हसली. ताप आल्यापासनं पहिल्यांदा हसली, म्हनून मी फडकं टाकून वळले, तर ती माझ्याकडं बगत न्हवती. वर झोळीकडं बगत हुती. झोळी गेली की गप, झोळी आली की हसायची, कुनी वाकून बगितल्यावर हसावं तसं. मी तिच्या आन् झोळीच्या मधी तोंड घातलं. तिनं मान काढून माझ्या बाजूनं बगितलं.

मी तितल्या तितं टोपडं काढलं. बाटली थंड झाली हुती. पोरगी ओरडून रडायला लागली, हात वर करून, मागत असल्यावानी. तशीच तिला उचलली, आईची साडी हुकावरनं सोडली, आन् अक्काला जाऊन सांगितलं.

"अक्का, ही खोली मला नको."

ती चिडली. म्हनाली, एवढं केलं ते कुनासाठी केलं मी? तुझ्या पोरीसाठीच ना? आता कुटं ठेवनार तिला, डोक्यावर? मी म्हनलं, ठेवीन कुटंबी. तुमचे उपकार हायत अक्का, पन तितं आता जागा न्हाई. ती कायतरी तेलुगूत पुटपुटली. मंग तिनं माझ्या तोंडाकडं बगितलं आन् पोरीच्या पायाला हात लावून बोटं कानशिलावर मोडली.

त्या दोन म्याडमांसाठी अक्कानं खोलीत स्वतःची एक जुनी साडी बांधली. बाटली रोज भरती ती. टोपडं मी नेलं, धुतलं, उन्हात वाळवलं, पन पोरीला परत घातलं न्हाई.

मी खाली चाचांना इचारलं, केबिनीत कोपऱ्यात झोळी बांधू का. मला वाटलं न्हाई म्हनतील, तितं गाड्यांची वर्दळ, धूळ, पत्र्याची गरमी. ते म्हनाले, बांध की बेटी, मेरेकू बी सोबत. केबिनीच्या छताला डोळा न्हाई. भिंतीला एक बटन हाय, काळं, तुटलेलं. दाबलं की बल्ब लागतो, दाबलं की जातो, आत कोन बसलंय ह्याच्याशी त्याला काय घेनं न्हाई. मी पाजायला आले की चाचा छत्री घेऊन गेटावर जाऊन उभे ऱ्हातात, पाठमोरे. मी हलत न्हाई. उजेड असतो. पोरगी आता पीती, दंडाला वळ्या पडायला लागल्यात.

एवढंच हाय की पडदा तितंच हाय, झोळीच्या समोर.

मागच्या आठवड्यात अक्का लग्नाला अक्कलकोटला गेली हुती. बाटली भरायला कुनी न्हवतं, पंखा लावायला कुनी न्हवतं. मी काय वर गेले न्हाई. दुपारी पाजायला केबिनीत आले तर पोरगी जागी, आन् नजर पडद्यावर. दुसरा मजला, बारका चौकोन, हिरवा. चाचा म्हनाले, त्या म्याडम बसल्या असतील. मी म्हनलं, व्हय, बसल्या असतील. चौथ्या टेबलाची म्याडम त्याच वक्ताला गेटाबाहीर रिक्षाला हात करत हुती. दुसरी असंल मंग. असंल की.

मी वर जाऊन बगितलं न्हाई. झोळीच्या गाठी सोडल्या आन् दुसऱ्या कडीला बांधल्या, पोरीचं तोंड रस्त्याकडं येईल असं. तिनं मान वळवून मागं बगू पायलं, मंग एक मोठा ट्रक गेला हॉर्न देत, आन् ती तिकडं बगायला लागली.